कुंपणामागे उभे राहिलेले साठ टँकर

पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या एका वाचक भगिनींचं पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. थोडक्यात असं: "सहा वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा परसामागच्या रुळावरून आठवड्याला एखादी चार डब्यांची मालगाडी जायची. टोकाचा कारखाना बंद पडला आणि तीन वर्षांपूर्वी तीही थांबली. आम्ही समजलो लाईन बंद झाली. एप्रिलमध्ये एका रात्रीत तिथे काळे टाकीचे डबे आणून लावले. यजमानांनी मोजले, साठ आहेत. प्रत्येकावर कोनावर उभी केलेली लाल पाटी आणि १०७५ हा आकडा. गल्लीच्या टोकाला बिनदांड्याचं फाटक आहे, तिथून शेवटचा डबा हाताच्या अंतरावर दिसतो. सांगलीहून आलेल्या सासूबाई म्हणतात, संध्याकाळी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. टाउनशिपमध्ये गेलो तर म्हणाले, आमच्या हातात काही नाही. हे कायदेशीर आहे का? धोका किती? हे डबे हलवता येतील का, की घरच विकावं?"

नमस्कार ताई,

आधी वासाबद्दल. बाकीचं सगळं आठवडाभर थांबू शकतं, हे थांबू शकत नाही.

१०७५ हा आकडा द्रवरूप पेट्रोलियम गॅसचा, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधल्या एलपीजीचा. कुजका वास त्या गॅसचा स्वतःचा नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. ते इतपत मिसळतात की हवेतला गॅस पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या पाचव्या हिश्शाला पोचला की माणसाला वास यावा. प्रोपेन हवेत साधारण २ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, म्हणजे वास ०.४ टक्क्यांच्या आसपास कळतो. त्यामुळे वास आला म्हणजे आता स्फोट होणार असं नाही, पण कुठेतरी झाकण सैल आहे ही शक्यता खरी मानायची. वयानुसार वासाची जाण कमी होत जाते. सासूबाईंना वास येतोय, तर ते मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नका. तुम्हाला येत नसेल तर तेवढ्यावरून निश्चिंत होऊ नका, कारण हा वास थोडा वेळ घेतला की नाक बधिर होतं.

पुढच्या वेळी वास आला की कुंपणाशी जाऊन बघू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो खाली बसतो, ओढ्यात, चरात आणि तळघरात साचतो. सगळ्यांना घेऊन वारा ज्या दिशेने येतोय त्या दिशेला आणि चढाकडे निघा. दिव्याचं बटण, गॅरेजचं दार, गाडी, काही सुरू करू नका. लांब गेल्यावर ९११ ला फोन करा आणि एवढंच सांगा: रेल्वेचा टँकर डबा, पाटीवर १०७५, गॅसचा वास, अमुक रस्त्याचं फाटक. मग दुसरा फोन फाटकावरच्या निळ्या पाटीवरच्या नंबरला. ती पाटी लहान असते, साधारण एक फूट रुंद. तिच्यावर रेल्वेचा आपत्कालीन नंबर असतो आणि त्या फाटकाचा ओळख क्रमांक असतो: सहा आकडे आणि एक अक्षर. तो क्रमांक सांगितला की पत्ता समजावत बसावं लागत नाही. आजच फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा, सासूबाईंच्याही.

अग्निशामक दल जी मार्गदर्शक पुस्तिका वापरतं त्यात १०७५ साठी ११५ क्रमांकाचं पान आहे. गळती असेल तर चहूबाजूंना किमान १०० मीटर मोकळं करा, मोठी गळती असेल तर वाऱ्याच्या दिशेला ८०० मीटरपर्यंत माणसं हलवण्याचा विचार करा, आणि डबा आगीत सापडला तर सगळ्या बाजूंनी १,६०० मीटर, म्हणजे एक मैल, असं ते पान सांगतं. घर सोडून निघायची वेळ आली तर किती लांब जायचं याचा अंदाज यावा म्हणून हे आकडे दिले. तळघरात जमिनीलगतच्या प्लगला लावायचा गॅस डिटेक्टर घ्या. खोक्यावर यूएल १४८४ हे मानक आणि प्रोपेन हा शब्द आहे का पाहा. नळाच्या गॅससाठीचा डिटेक्टर छताजवळ लावतात, कारण तो गॅस हलका असतो. प्रोपेनसाठी तो छताजवळ लावून उपयोग नाही.

आता "रिकामे" या शब्दाबद्दल. रेल्वे तुम्हाला सांगेल की डबे रिकामे आहेत. त्या धंद्यात रिकामा म्हणजे माल उतरवलेला. धुऊन, गॅस काढून साफ केलेला डबा वेगळा. माल उतरवल्यावर तळाशी थोडा द्रव आणि वर सगळी टाकीभर वाफ उरते, त्याला अवशेष म्हणतात. अमेरिकेच्या धोकादायक माल नियमांप्रमाणे असा डबा साफ होईपर्यंत भरलेल्यासारखाच हाताळायचा आणि लाल पाटी तशीच ठेवायची. म्हणून पाटी पाहून डबा भरलेला की उतरवलेला हे कळत नाही. पाटी आहे म्हणजे साफ केलेला नाही, एवढं मात्र नक्की कळतं.

टाकीतला दाब द्रव किती उरलाय यावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. तळाला घागरभर प्रोपेन असला तरी ३८ अंश सेल्सियसला आतला दाब भरलेल्या टाकीइतकाच, सुमारे १९० पीएसआय (दाबाचं एकक, चौरस इंचाला पौंड) असतो. यात एक दिलासाही आहे: या टाक्यांचे सुरक्षा झडप २८० पीएसआयच्या आसपास उघडतात, त्यामुळे नुसत्या जुलैच्या उन्हाने ते उघडायला नकोत. बहुतेक वेळा गळती होते ती डब्याच्या माथ्यावरच्या घुमटाखालून. तिथे द्रवाचे आणि वाफेचे झडप असतात, त्यांच्या तोंडाला प्लग असतात. ते प्लग पान्याने आवळायचे असतात. हाताने फिरवून सोडले तर हळूहळू पाझरतात. अवशेष थोडा असल्याने अशा पाझराने गाव उडत नाही, पण वाऱ्याविना संध्याकाळी खोलगट परसात वास साचायला तो पुरेसा असतो. रेल्वेचा किंवा डब्याच्या मालकाचा माणूस पाना आणि मीटर घेऊन चढला तर एका दुपारचं काम आहे, आणि ते करा अशी मागणी तुम्ही खुशाल करा. आणखी एक: कारखान्यांसाठीच्या काही एलपीजीत मर्कॅप्टन नसतं. तशा टाकीवर "नॉन-ओडराइज्ड" किंवा "नॉट ओडराइज्ड" असं रंगवलेलं असतं. दुर्बिणीतून ते शब्द दिसले तर त्या डब्यांच्या बाबतीत वास येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, आणि ही गोष्ट अग्निशामक प्रमुखांना सांगा.

दुर्बीण लागणारच आहे, कारण पहिलं काम यादीचं. तुमच्या स्वतःच्या जागेतून किंवा रस्त्यावरून, रुळाच्या हद्दीत पाय न टाकता, प्रत्येक डब्याची अक्षरं आणि क्रमांक टिपा. अक्षरं दोन ते चार असतात. शेवटचं अक्षर एक्स असेल तर डबा रेल्वेचा नाही, खासगी मालकाचा आहे: यूटीएलएक्स म्हणजे युनियन टँक कार, जीएटीएक्स म्हणजे जीएटीएक्स कंपनी, टीआयएलएक्स म्हणजे ट्रिनिटी. इथे आपली भारतातली सवय आड येते. तिकडे बहुतेक वाघिणी रेल्वेच्याच, रूळही रेल्वेचेच, म्हणून एकच दार ठोठवायचं. अमेरिकेत टाकीचे डबे जवळपास सगळे खासगी. बहुधा भाड्याने देणाऱ्या कंपनीचे, ते भाड्याने घेतलेले गॅस कंपनीने, आणि रूळ तिसऱ्याचाच. तुमच्यामागचा रूळ बहुधा एखाद्या छोट्या रेल्वेचा असणार. १९८० च्या स्टॅगर्स कायद्यानंतर मोठ्या रेल्वेंनी कमी वापराच्या फांद्या विकल्या किंवा भाड्याने दिल्या आणि अशा शेकडो छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. आज देशात त्या सुमारे ६०० आहेत, आणि सर्वांत जास्त रेल्वे कंपन्या असलेलं राज्य पेनसिल्व्हेनियाच. टोकाचा कारखाना बंद पडला की त्या रुळाचं उत्पन्न शून्य होतं. उभ्या डब्यांचं रोजचं भाडं हेच मग त्याचं पीक.

हे डबे तिथे का आले हे कळलं की ते कधी जातील याचा अंदाज बांधता येतो. प्रोपेनची मागणी हिवाळ्याची. मार्च-एप्रिलमध्ये डबे मोकळे होतात, उन्हाळाभर कुठेतरी उभे राहतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परत कामाला लागतात. तुमचे साठ टँकर एप्रिलमध्ये आले आणि त्यांच्यावर १०७५ आहे, तेव्हा ते बहुधा शरदात निघतील, आणि करार चालू राहिला तर पुढच्या एप्रिलला परत येतील. हे इतर वाचकांसाठीही सांगते, कारण सगळेच डबे असे हंगामी नसतात. धान्याचे झाकणवाले हॉपर सुगीला जातात. मध्ये उभी जाळी असलेल्या लाकडाच्या लांब गाड्या घरबांधणी वाढली की जातात. पण टाकीवर डॉट-१११ असं रंगवलेलं असेल आणि पाटी १२६७ म्हणजे कच्च्या तेलाची असेल, तर तो जुना साचा आहे. कच्च्या तेलासाठी त्याला मनाई झाली आहे आणि इतर ज्वालाग्राही द्रवांसाठीही तो २०२९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बाद होतोय. तसा डबा वर्षानुवर्षं गंजत उभा राहू शकतो. मंदीत तर सगळेच उभे राहतात: २०२० च्या उन्हाळ्यात उत्तर अमेरिकेत पाच लाखांहून जास्त मालडबे बसून होते.

कायद्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. टाउनशिपने तुम्हाला टोलवलं नाही, खरंच सांगितलं. १९९५ च्या कायद्याने, जो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला, रेल्वे वाहतुकीवरचा अधिकार सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड या केंद्रीय मंडळाकडे, म्हणजे एसटीबीकडे, गेला आणि राज्यांचे व गावांचे नियम बाजूला सारले गेले. त्या कायद्याच्या व्याख्येत वाहतूक म्हणजे नुसतं धावणं नाही. साठवण हा शब्दही त्यात लिहिलेला आहे. म्हणून झोनिंग, परवाना, "निवासी भागात गोदाम नको" यांतलं काही सहसा चालत नाही. तीन वर्षं गाडी आली नाही म्हणून लाईन बंद झाली हाही समज चुकीचा. दोन वर्षं रहदारी नसेल तर रेल्वे सोप्या मार्गाने लाईन सोडण्याची परवानगी मागू शकते, पण तिने मागितली नाही आणि एसटीबीने दिली नाही तोवर ती लाईन जिवंतच. बाहेरच्या कुणाला अर्ज करून लाईन बंद करायला लावण्याचीही तरतूद आहे. मात्र तो वकिलांचा, लांबलचक आणि खर्चिक रस्ता आहे. साठ टँकरसाठी त्यात पडू नका.

मग काय उरतं? बरंच उरतं. फक्त "हटवा" एवढं म्हणून ते मिळत नाही, नेमकं मागावं लागतं.

तुमच्या पत्रातले दोन शब्द फार मोलाचे आहेत: "एका रात्रीत". केंद्राच्या रूळ-नियमांत सर्वांत खालच्या दर्जाला एक्सेप्टेड ट्रॅक म्हणतात. त्यावर रुळाच्या दुरुस्तीचे बहुतेक निकष लागू होत नाहीत, बदल्यात वेग ताशी १० मैल आणि एका गाडीत लाल पाटीचे डबे जास्तीत जास्त पाच. अवशेषाचा डबा पाटीचाच मोजतात. तीन वर्षं पडून राहिलेली फांदी त्या दर्जाची असणं अगदी शक्य आहे, आणि पाच-पाचने साठ डबे एका रात्रीत येत नाहीत. तेव्हा फेडरल रेलरोड अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय खात्याच्या (एफआरएच्या), विभागीय कार्यालयाला आणि पेनसिल्व्हेनियाच्या पब्लिक युटिलिटी कमिशनला एकच पत्र लिहा. अमुक फाटक क्रमांकापासून अमुक दिशेला पाऊण मैल (साठ डब्यांची रांग साधारण तेवढी होते) रूळ कोणत्या दर्जाचा आहे? अमुक रात्री १०७५ चे साठ डबे किती फेऱ्यांत आणले? त्याआधी रूळ तपासल्याची नोंद आहे का? सोबत यादी आणि त्या रात्रीचा डोअरबेल कॅमेऱ्याचा व्हिडिओ असेल तर तो जोडा. रूळ वरच्या दर्जाचा निघाला तर त्याला स्लीपर, सांधे आणि रुळांमधल्या अंतराचे निकष लागतात, आणि निरीक्षक येऊन ते मोजू शकतो. दोन्हींपैकी कुठलंही उत्तर आलं तरी तुमच्या हाती काहीतरी लागतंच.

दुसरा मुद्दा हँडब्रेकचा. एअर ब्रेकमधली हवा काही तासांत वा दिवसांत गळून जाते. उभ्या डब्याला धरून ठेवतो तो हँडब्रेक. क्यूबेकमधल्या लाक-मेगांतिक गावात ६ जुलै २०१३ रोजी उतारावर उभी केलेली तेलगाडी सुटली आणि ४७ माणसं गेली. गाडीवर लावलेले हँडब्रेक तिला धरायला कमी पडले होते. अमेरिकी नियम ठरावीक आकडा देत नाही. पुरेसे हँडब्रेक लावा आणि ते धरतात याची खात्री करा, असं सांगतो. तुम्ही काय पाहू शकता? डब्याच्या एका टोकाला लहान चाक असतं, त्याखाली पेटीतून साखळी उतरते. साखळी ताठ असेल तर ब्रेक लावलेला, झोळीसारखी लोंबत असेल तर सुटा. साठांपैकी किती ताठ दिसतात ते मोजा. रूळ गावाकडे उतरतो का तेही पाहा: १०० फुटांत एक फूट उतार माणसाच्या डोळ्याला सपाट वाटतो, पण पाऊण मैलात तो सुमारे ४० फूट होतो. उताराकडच्या टोकाला रुळावर चढवलेला रंगीत लोखंडी ठोकळा, म्हणजे डीरेल, आहे का? सुटलेला डबा त्यावरून रुळाखाली उतरतो आणि थांबतो. नसेल तर एफआरएच्या पत्रात ही ओळ घाला.

फाटकाचं म्हणाल तर अनेक रेल्वेंच्या नियमपुस्तकात, शेजारी दुसरा रूळ असेल तिथे शक्यतो फाटकापासून २५० फूट मोकळे सोडा, असं लिहिलेलं असतं. तुमच्याकडे एकच रूळ आहे, तरी तोच आकडा मागा, आणि कारण द्या: रोज तिथे उभा डबा पाहून चालकांची नजर मरते, आणि ज्या दिवशी इंजिन येऊन रांग ढकलेल त्या दिवशीही लोकांना ती उभीच वाटेल. फाटकावर दिवे असतील अशा वाचकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. रुळावर गंज बसला की चाक आणि रूळ यांच्यातून वीज नीट वाहत नाही आणि दिवे लागायला चुकू शकतात. बरेच दिवस पडून असलेल्या रुळावर हे होतं. पेनसिल्व्हेनियात फाटकांचा अधिकार पब्लिक युटिलिटी कमिशनकडे आहे, म्हणून याची प्रत तिथे गेलीच पाहिजे.

अग्निशामक प्रमुखांना मात्र पत्र नको, प्रत्यक्ष भेटा. पेनसिल्व्हेनियात बहुतेक दलं स्वयंसेवकांची आहेत आणि ही माणसं ऐकून घेतात. त्यांच्याकडे आस्क-रेल नावाचं अ‍ॅप असू शकतं, सामान्य नागरिकाला ते मिळत नाही. डब्याचा क्रमांक टाकला की त्यात काय आहे, भरलेला की अवशेष, हे त्यांना दिसतं. तुमची यादी इथे कामाला येते. त्यांना विचारा: साठांपैकी भरलेला एकही आहे का? परसामागे पोचायला गाडीचा रस्ता कुठून आहे? पाण्याचा हायड्रंट किती लांब? रुळाकडेचं वाळलेलं गवत आणि झुडपं यांच्यामुळे आग पसरेल असं त्यांना वाटलं तर त्यांनी लिहिलेल्या चार ओळींना तुमच्या चाळीस ओळींपेक्षा वजन असतं. गावाचे झोनिंगचे नियम रेल्वेला लागत नसले तरी आगीच्या सुरक्षेचे साधे नियम, वाहतुकीला अवाजवी अडथळा न आणणारे, बऱ्याच प्रमाणात टिकतात.

यानंतर रेल्वेच्या व्यवस्थापकाशी बोला. छोट्या रेल्वेत हा माणूस सापडतो, त्याचं ऑफिस बहुधा तुमच्याच काउंटीत असतं. त्याच्याकडे सगळे डबे हटवायची मागणी घेऊन गेलात तर तो कायदा दाखवेल आणि बोलणं तिथेच संपेल. जागा बदलायची मागणी करा. हिशोब असा: एक एलपीजी डबा सुमारे ६५ फुटांचा. तुमच्या गल्लीतल्या पाच घरांची परसं रुळाला लागून असतील आणि प्रत्येक प्लॉट १०० फुटांचा धरला, तर ५०० फूट मोकळे करायला आठ डबे सरकवावे लागतील. भाडं डब्यामागे रोजचे ५ डॉलर धरलं तर आठ डब्यांचे १८० दिवसांचे ७,२०० डॉलर. पलीकडे शेताला लागून जागा असेल तर तेवढंही नुकसान नाही, फक्त इंजिनाची एक फेरी. लाल पाटीचे डबे शेताकडे, साफ केलेले किंवा बिनधोक मालाचे डबे हवे तर घरांमागे. फाटकापासून २५० फूट सोडणं. घुमटांखालचे प्लग आवळून गॅसमीटरने तपासणं आणि त्याची तारीख कळवणं. रुळाकडेची झुडपं वर्षातून दोनदा कापणं. चोवीस तास उचलला जाणारा एक फोन. आणि करार कधी संपतो ती तारीख. एवढं मागा.

जे मान्य होईल ते टाउनशिपच्या सहीने लेखी करून घ्या. इथे टाउनशिपचा खरा उपयोग आहे. न्यू जर्सीतल्या वुडब्रिजमध्ये, जिथे आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत, रेल्वेने उभ्या इंजिनांच्या घरघरीबद्दल टाउनशिपशी करार केला होता आणि नंतर केंद्रीय कायद्याकडे बोट दाखवलं. एसटीबीने २००० मध्ये सांगितलं की स्वतःहून दिलेला शब्द मोडायला हा कायदा ढाल म्हणून वापरता येणार नाही. गावाला हुकूम सोडता येत नाही, पण करार करता येतो आणि तो टिकतो. टाउनशिपच्या पुढच्या सभेला जाताना वुडब्रिजचं नाव घेऊन जा. त्यांच्या वकिलाला पुढचं शोधता येईल.

रेल्वे बधली नाही तर डब्यांच्या मालकाकडे जा. न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरोंडॅक पार्कमध्ये २०१७ च्या शरदात टाहॉसच्या जुन्या लाईनवर रिकामे तेलटँकर आणून लावले, तेव्हा राज्याच्या गव्हर्नरपर्यंत सगळ्यांनी विरोध केला, तरी साठवण बेकायदेशीर ठरली म्हणून डबे गेले असं झालं नाही. ते गेले कारण युनियन टँक कारने, जी बर्कशायर हॅथवेच्या मालकीची आहे, आपले डबे काढून घ्यायचं मान्य केलं. रूळवाल्याला भाडं हवं असतं. डबेवाल्याला नाव जपायचं असतं आणि डबे उभे करायला त्याला दुसरी जागाही मिळते. तुमच्या यादीतली अक्षरं कोणत्या कंपनीची निघतात ते पाहा आणि त्यांच्या सुरक्षा विभागाला वासाच्या तारखा, वेळा आणि डब्यांचे क्रमांक पाठवा. रागाचं पत्र नको. "अमुक क्रमांकाच्या डब्याजवळ अमुक तीन संध्याकाळी मर्कॅप्टनचा वास" असं लिहिलेलं पत्र कुणालाही फायलीत पुरून ठेवता येत नाही.

मुलाबद्दल. तीन वर्षं मोकळ्या रुळावर खेळलेल्या मुलाला "तिकडे जायचं नाही" एवढं पुरत नाही, कारण सांगा. पाऊण मैलावर इंजिन लागलं की प्रत्येक कपलिंगमधली इंच-दोन इंच ढिलाई एकामागून एक ताणली जाते आणि शेवटचा डबा शिट्टी न वाजता अचानक हिसका खातो. त्या वेळी खाली, मधे किंवा शिडीवर कुणी असेल तर त्याला वेळच मिळत नाही. चेंडू कुंपणापलीकडे गेला तर चेंडू गेला. घरात पाच जास्तीचे आणून ठेवा. आणि रुळाची हद्द खासगी आहे, मोठ्यांनीही फोटोसाठी आत जाऊ नये. ती हद्द बरेचदा रुळाच्या मध्यापासून ५० फूट असते, पण नेहमीच नाही. काउंटीच्या ऑनलाइन नकाशावर तुमच्या प्लॉटची रेघ बघून घ्या, म्हणजे झाडं लावताना वाद होणार नाही.

झाडांचं गणित सोपं आहे आणि लोक ते हमखास चुकतात. कुंपणाला लागून झाडं लावतात आणि वर्षानुवर्षं वाट पाहत बसतात. झाड खिडकीच्या जितकं जवळ, तितकं कमी उंच पुरतं. खडीच्या बांधासकट डब्याचा माथा १८ फूट आणि तो घरापासून ९० फुटांवर धरा, खाली उभं राहिल्यावर तुमचा डोळा साडेपाच फुटांवर. खिडकीपासून ८० फुटांवर, म्हणजे कुंपणाशी, लावलेलं झाड साडेसोळा फूट व्हावं लागेल. तेच २० फुटांवर लावलं तर सव्वाआठ फूट झालं की डबे दिसेनासे होतात. थुजा ग्रीन जायंट ही सदाहरित झाडाची जात तुमच्या हवेत तगते, मूळ धरल्यावर वर्षाला तीन फुटांपर्यंत वाढते, आणि हरणं तिला एमराल्ड ग्रीन या थुजाच्याच दुसऱ्या जातीपेक्षा कमी खातात. सहा-सहा फुटांवर एका रांगेत लावा, पण सप्टेंबरमध्ये; जूनच्या उन्हात लावून पाणी ओतत बसू नका. वरच्या मजल्यावरून मात्र डोळा १५ फुटांवर जातो आणि २० फुटांवरचं झाडही जवळजवळ १६ फूट लागतं, तिथे पडदाच बरा.

घर विकण्याचा निर्णय या उन्हाळ्यात घेऊ नका. डबे समोर उभे असताना गिऱ्हाईक किंमत पाडणार, आणि ऑक्टोबरमध्ये तिथे नुसतं गवत असण्याची शक्यता चांगली आहे. ते निघाले की रेल्वेला एकच प्रश्न लेखी विचारा: पुढच्या एप्रिलसाठी करार झाला आहे का, आणि झाला असेल तर आमच्या पाच घरांमागचे ५०० फूट त्यात आहेत का? उत्तर हिवाळ्यातच मिळालं पाहिजे, कारण एकदा डबे येऊन लागले की आठ डबे सरकवायला इंजिन आणावं लागतं, आणि यायच्या आधी मात्र ते कागदावर सरकतात.